योम्सबोर्गमध्ये नसलेली स्त्री

आइसलँडच्या जुन्या सागा भाषांतरांतून वाचत असताना डेथ मेटल ऐकण्याची वेळ माझ्यावर येईल, असे कधी वाटले नव्हते. आमोन आमार्थ या स्वीडिश बँडचा ‘योम्सव्हायकिंग’ (२०१६) मी ऐकला तो निव्वळ नावामुळे. घशाच्या तळातून येणारा गुरगुरता आवाज, त्याखाली ढोलांचा मारा आणि या सगळ्यावर दोन गिटारींनी जोडीने वाजवलेली, चक्क गुणगुणता येईल अशी धून. या संगीतप्रकाराला ‘मेलोडिक’ का म्हणतात, ते तेव्हा कळले. गाण्यांचे शब्द समोर ठेवून दुसऱ्यांदा ऐकले, तेव्हा मात्र माझे लक्ष संगीतावरून कथेकडे गेले.

‘योम्सव्हायकिंगांची सागा’ तेराव्या शतकाच्या सुमारास आइसलँडमध्ये लिहिली गेली. बाल्टिक किनाऱ्यावरच्या योम्सबोर्ग नावाच्या किल्ल्यात भाडोत्री योद्ध्यांची एक टोळी राहत होती, असे ती सांगते. टोळीचे कायदे कडक. अठरा वर्षांखालच्या आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला प्रवेश नाही (म्हणजे मला दारातूनच परत पाठवले असते). भीतीचा शब्द तोंडातून काढायचा नाही, सोबत्याचा सूड भावासारखा घ्यायचा, लूट सर्वांत वाटायची आणि किल्ल्यात स्त्रीला आणायचे नाही.

या किल्ल्याची जागा बहुतेक अभ्यासक आजच्या पोलंडमधील वोलिन येथे मानतात. १०७०च्या दशकात ब्रेमेनच्या अ‍ॅडमने ओडर नदीच्या मुखाशी असलेल्या एका भरभराटीच्या शहराचे वर्णन केले आहे आणि वोलिनच्या उत्खननांत व्यापारी शहराचे भरपूर अवशेष मिळाले आहेत. सागेतल्या कायद्यांनी बांधलेली टोळी मात्र खरोखर होती का, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. बखर वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच इथेही हवी.

सागेचा कळस म्हणजे नॉर्वेतील ह्योरुंगावागची लढाई. ती इ.स. ९८६च्या सुमाराची मानतात. मेजवानीत मद्याच्या भरात योम्सव्हायकिंग मोठमोठ्या शपथा घेतात. वाग्न आकासोन हा तरुण शपथ घेतो, की थोर्केल लेइराला ठार मारीन आणि त्याच्या आप्तांची परवानगी न घेता त्याची मुलगी इंगिब्योर्ग हिच्याशी शय्यासोबत करीन. लढाईत योम्सव्हायकिंग हरतात. कैद्यांचा एकेक करून शिरच्छेद सुरू होतो आणि कुऱ्हाड थोर्केलच्याच हातात असते. वाग्न त्यातूनही वाचतो, थोर्केलला मारतो, त्याला जीवदान मिळते आणि इंगिब्योर्गशी त्याचे लग्न होते. शपथ पुरी झाली. बापाला मारणाऱ्याशी लग्न करायचे का, हे इंगिब्योर्गला विचारावे असे सागाकाराला कुठेही वाटत नाही.

आता अल्बमची कथा. गीते लिहिणारा गायक योहान हेग याने सागेतला प्रसंग न घेता फक्त योम्सव्हायकिंगांचे जग घेतले. एका तरुणाची प्रेयसी दुसऱ्याला दिली जाते. त्या झटापटीत त्याच्या हातून जार्लचा माणूस मरतो, तो परागंदा होतो आणि योम्सव्हायकिंगांना जाऊन मिळतो. सूड घेईन आणि तिला परत मिळवीन, ही त्याची शपथ. इथवर तो वाग्नचाच भाऊ. पण दहाव्या गाण्यात, ‘अ ड्रीम दॅट कॅनॉट बी’मध्ये, तो तिच्यासमोर उभा राहतो आणि ती नकार देते. तो आवाज जर्मन गायिका डोरो पेश हिचा आहे. अकरा गाण्यांत स्त्री बोलते ती इथेच.

हे कथानक म्हणजे व्हायकिंगांना चिकटवलेली आधुनिक प्रेमकथा, असे माझेही पहिले मत होते. ते ‘योम्सव्हायकिंगद्रापा’ने बदलले. सुमारे १२००मधले हे दीर्घकाव्य ऑर्कनी बेटांचा बिशप ब्यार्नी कोल्बेइन्सोन याचे मानले जाते. तो याच लढाईचे वर्णन करतो. पण युद्धाच्या कडव्यांमधून एक ध्रुपद पुन्हापुन्हा येते आणि ते त्याच्या स्वतःच्या दुःखाचे आहे. एका प्रतिष्ठित माणसाच्या पत्नीने त्याचा आनंद हिरावून नेला आहे. म्हणजे न मिळालेली, दुसऱ्याची झालेली स्त्री आठशे वर्षांपूर्वीच या कथेत आलेली होती, आणि तीही एका बिशपच्या लेखणीतून! हेगने ते काव्य वाचले होते असा माझा दावा नाही. पण ज्या किल्ल्यात स्त्रीला जागा नाही, त्याची गोष्ट सांगताना सांगणाऱ्याला तिची उणीव जाणवत असावी.

फरक एवढाच, की बिशपच्या काव्यात ती फक्त आठवली जाते, सागेत मिळवली जाते आणि अल्बममध्ये ती बोलते. तिच्या नकारानंतर नायकाची शपथ पोकळ होते. त्याने आयुष्य ज्या अन्यायाच्या भावनेवर उभे केले, त्यात तिचे मत कधी धरलेच नव्हते. योम्सव्हायकिंगांच्या कायद्यात सूडाचे कलम होते. असा नकार पचवण्याचे नव्हते.

जुनी कथा बदलली म्हणून मी अल्बमला दोष देणार होतो. आता सागा उघडली की इंगिब्योर्गच्या लग्नाच्या ओळीवर थांबतो. तिथे तिचे उत्तर नाही, हे इतकी वर्षे माझ्या लक्षातच आले नव्हते.