वऱ्हाडचा धनी कोण?

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजानें १६२९ पासून अकरा वर्षें पार्लमेंट न बोलावतां राज्य केलें, ही कथा आपण शाळेंत घोकली. तसल्याच कारभाराची सावली वऱ्हाडवर किती काळ होती, हें मात्र अमरावती-अकोल्याच्या घरांतूनही फारसें बोललें जात नाहीं.

१८५३ च्या तहानें कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें वर्षास २५ लाख रुपये ठरवून तें कायमच्या पट्ट्यानें घेतलें. मालकी निजामाची, अंमल इंग्रजांचा! माँटफर्ड सुधारणांनंतर वऱ्हाडचे मतदार नागपूरच्या कौन्सिलासाठीं माणूस निवडून देत. परंतु मुलूख कायद्यानें परका, म्हणून निवडून आलेल्या त्याच गृहस्थाची सरकार पुन्हां नेमणूक करी. दिल्लीच्या असेंब्लींत लोकनायक बापूजी अणे बसले, तेही याच आडवाटेनें.

१९२३ सालीं मीर उस्मान अलीखान यांनीं वऱ्हाड परत मागितलें, आणि वऱ्हाडी प्रजेस जबाबदार राज्यपद्धति देऊं केली. आतां देणारा हात पाहा. १९१४ सालीं दिवाण सालारजंग गेल्यावर सुमारें पांच वर्षें सारा कारभार त्यांनीं स्वतःच्याच हातीं ठेवला होता. १९१९ मध्यें कार्यकारी मंडळ नेमलें, तेंही त्यांनाच जबाबदार. १८९३ पासून कायदेमंडळ होतें खरें. पण त्यांत सामान्य रयतेनें निवडलेला एकही प्रतिनिधि नव्हता. शेजारच्या मराठवाड्याला जें दिलें नाहीं, तें वऱ्हाडला कसें मिळणार? हा आक्षेप माझ्या मतें बिनतोड होता.

लॉर्ड रीडिंगनें १९२६ च्या मार्चमध्यें ती मागणी फेटाळली. त्यांत सार्वभौम सत्तेची ऐट होती, वऱ्हाडी लोकमताची कदर नव्हती.

निजामी हद्दींत राजकीय परिषद भरविणें दुरापास्त. म्हणून तेथील कार्यकर्ते ती बाहेर भरवीत. १९३१ सालीं ती अकोल्यास भरली! ज्या भूमीवर निजाम हक्क सांगत होते, तेथेंच त्यांच्या प्रजेला तोंड उघडावयास जागा मिळाली.

१९३६ च्या करारानें युवराजांस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. एका गांवचा कारभारही त्यांच्या हातीं आला नाहीं. १९३८ सालीं स्टेट काँग्रेसवर जन्मतःच बंदी पडली, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह सुरू झाला. १९४६ मध्यें नव्या कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या, त्यांवर स्टेट काँग्रेसनें बहिष्कार घातला. पुढें दोनच वर्षांनीं, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, निजामाच्या फौजेनें शस्त्रें खालीं ठेवलीं.