कात्रीविना घडलेला अंगरखा

१/ युरोप-अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत इजिप्तमधून आलेले कापडाचे लहान लहान तुकडे काचेआड मांडलेले दिसतात. एखाद्या वर्तुळात घोडेस्वार, चौकोनात नर्तकी, अरुंद पट्टीत द्राक्षवेल. ही स्वतंत्र चित्रे नव्हेत. ती कोणा स्त्री-पुरुषांच्या अंगरख्यांच्या खांद्यांवर, छातीवर, गुडघ्यांपाशी होती. आणि ते अंगरखे घडताना त्यांच्या कापडाला कात्री लागलेली नव्हती.

२/ रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात इजिप्तमध्ये ‘ट्युनिक’ हा सर्वांचा पोशाख होता. जमीन बहुधा पांढऱ्या लिननची, नक्षी रंगीत लोकरीची. लिननवर रंग सहजी चढत नाही, लोकरीवर चढतो. म्हणून हा मेळ.

३/ आज कापड आधी विणले जाते आणि आकार नंतर बेतला जातो. तेथील विणकर मात्र आकारच विणत असे. प्रथम मागाच्या मधल्या भागातील उभ्या धाग्यांवर, म्हणजे ताण्यावर, एक बाही विणायची. मग दोन्ही बाजूंचे रिकामे ठेवलेले ताणे कामात घ्यायचे आणि अंगाचा रुंद भाग विणायचा. शेवटी पुन्हा मधल्या धाग्यांवर दुसरी बाही. मागावरून उतरे तो थेट क्रूसाच्या आकाराचा अखंड पट.

४/ गळ्याची जागा आली की आडवा धागा, म्हणजे बाणा, सलग न नेता दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत आणून परत वळवायचा. मध्ये आपोआप फट राही, तोच गळा. नंतर पट खांद्याच्या रेषेवर दुमडून बगला आणि बाह्यांची खालची बाजू शिवली की वस्त्र तयार.

५/ यासाठी माग फार रुंद लागे. पुढचा भाग आणि पाठ एकाच रुंदीत बसवायची, म्हणजे दोन मीटरांहून अधिक. शिवाय वस्त्र विणले जाई ते आडवे. अंगावर उभा दिसणारा घोडेस्वार मागावर विणकरापुढे कुशीवर निजलेला असे. पूर्ण वस्त्राचे चित्र मनात धरूनच त्याला प्रत्येक धागा टाकावा लागे.

६/ एवढा खटाटोप कशासाठी? सूत टकळीवर हाताने कातले जाई आणि त्यात विणकामाहूनही अधिक वेळ जाई. चौकोनी कापडातून बाह्यांचा अंगरखा कापला तर चारही कोपरे वाया जातात. विणलेल्या काठाचे धागे सुटत नाहीत, कापलेल्या कडेचे सुटतात. सम्राट डायोक्लेशियनच्या इसवी सन ३०१ च्या दरपत्रकातही अशा वस्त्रांचे भाव प्रतीनुसार, नगावर ठरवलेले आहेत.

७/ मराठी वाचकाला ही दृष्टी परकी नाही. पैठणीचे काठ आणि पदर मागावरच ठरतात. पदरावरील मोर किंवा वेल रंगीत बाण्याचे वेगवेगळे धागे आपापल्या जागी वळवून विणली जाते. इजिप्तमधील नक्षीचे तत्त्वही हेच. मात्र पैठणी अंगावर नेसल्यावर आकार घेते, ट्युनिक मागावरच आकार घेई.

८/ मृतांना त्यांच्याच कपड्यांत पुरण्याची रीत होती. कोरड्या वाळूने ते कपडे शतकानुशतके जपले. १८८० च्या दशकात अखमीमची दफनभूमी उघडली गेली आणि बाजारात मागणी आली ती नक्षीला. उत्खनन करणाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्तुळे, पट्ट्या कापून घेतल्या. साधे लिनन बहुतेक वेळा टाकून दिले. एकाच अंगरख्याचे तुकडे निरनिराळ्या देशांत पोहोचले. चित्रे उरली, गळा, बाही, काठ, लांबी, म्हणजे विणकराचे खरे कसब, हरवले.

९/ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासारख्या ठिकाणी काही पूर्ण अंगरखे टिकले आहेत. त्यांच्या आधारे अभ्यासकांनी तुकडे वाचण्याची रीत शोधली. नर्तकी उभी धरावी आणि ताणा पाहावा. तो तिच्या अंगाला आडवा जात असेल, तर तो तुकडा बहुधा बाहीपासून बाहीपर्यंत आडव्या विणलेल्या अंगरख्याचा.

१०/ म्हणून अशा तुकड्यासमोर उभे राहिल्यावर चित्राआधी त्याच्या कडा पाहाव्यात. विणलेली कड विणकराची असते. कापलेली कड बाजाराची.