अक्षराविना आरोग्यशिक्षण : जामखेड ते एरंडोल

भगवान महावीरांनी आपला उपदेश पंडितांच्या संस्कृतात न करता लोकांच्या अर्धमागधीत केला. ऐकणाऱ्याला समजेल असे बोलणे ही सांगणाऱ्याची जबाबदारी, हा विचार भारतभूमीत इतका जुना आहे. मात्र महाराष्ट्राच्या आरोग्यक्षेत्रात तो रुजला फार उशिरा, आणि तोही एका अपयशातून.

वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला आले. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविल्या. परंतु परक्या गावात एकट्या तरुण स्त्रीने राहणे कठीण होते, आणि शहरी वळणाचा तिचा उपदेश गावच्या बायांच्या गळी उतरत नसे. तेव्हा आरोळे दांपत्याने गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकविण्याचे ठरविले. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या.

आता प्रश्न उभा राहिला तो शिकविणाऱ्यांपुढे. वही नाही, पुस्तक नाही, परीक्षा तर नाहीच. मग चित्रे, गोष्टी, गाणी आणि प्रत्यक्ष हाताने करून पाहणे हीच पाठ्यपुस्तके झाली. स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत, गावात काय पाहिले ते सांगत, आणि त्यातूनच पुढचा धडा निघे. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया तेथे एकत्र जेवत व एकत्र राहत; त्या काळी हा धडाही लहान नव्हता. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडच्या कार्यावर स्वतंत्र प्रकरण आले आणि १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

निरक्षर म्हणजे अज्ञानी नव्हे, हे खान्देशाला निराळे सांगावयास नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांचे काव्य मुद्रित झाले ते त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हीच वाट आणखी पुढे नेली. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. पण गावच्या सुइणींना दहा-बाराच्या पलीकडे मोजणे अवघड जाई. म्हणून त्यांना आकडे घोकावयास न लावता साधनच बदलले गेले. मण्यांची एक पाटी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला की उपचार सुरू. दोन महिन्यांच्या आतील बाळाची मर्यादा साठ श्वासांची, त्याहून मोठ्या तान्ह्याची पन्नासची. म्हणून मण्यांच्या ओळीही दोन. पुढे गावच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, तेव्हा तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

रुग्णाला सांगतानाही हेच घडावे लागते. जैन घरातील चौविहार पाळणाऱ्या मधुमेही आजींना ‘रात्री जेवणानंतर गोळी घ्या’ असे सांगितले, तर त्या मान डोलावतील आणि गोळी डबीतच राहील. चतुर परिचारिका आधी विचारते, ‘आजी, तुमचे शेवटचे जेवण किती वाजता?’ पर्युषणातील उपवासांची चौकशीही ती आधीच करते आणि डॉक्टरांकडून गोळीची वेळ ठरवून घेते. अहिराणी बोलणाऱ्या शेतमजूर बाईला छापील मराठी पत्रक हाती देऊन भागत नाही; तिच्याकडून पथ्य तिच्याच शब्दांत पुन्हा वदवून घ्यावे लागते. यास पाच मिनिटे अधिक लागतात, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमकी तीच सापडत नाहीत.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ स्वयंसेविका आल्या. २०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटी त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. एरंडोल तालुक्यातील खेड्यांत त्या भेटीचे बोलणे बहुधा अहिराणीतच होते.