न बोललेलें दुखणें

सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत ‘अंगावरून पांढरें जाणें’ हे शब्द स्त्रिया आजहि दबल्या आवाजांत उच्चारतात. या दुखण्याचीं कारणें अनेक. त्यांपैकीं एक म्हणजे कॅन्डिडा नांवाची बुरशी. १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं मिरजेस इस्पितळ उघडलें, तेव्हां तिच्यावर नेमकें औषध जगांतच नव्हतें. १९५० सालीं एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राऊन या अमेरिकन विदुषींनीं मातींतील सूक्ष्मजीवापासून मिळविलेलें निस्टॅटिन जाहीर केलें.

औषध आलें; मौन मात्र सुटलें नाहीं. त्या मौनाचें माप येथून दूर, गडचिरोलींत घेतलें गेलें. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं दोन गांवांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ सालीं प्रसिद्ध केली. शेंकडा ९२ जणींस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग आढळला. पूर्वीं तपासणी व उपचार मिळाले होते ते शेंकडा अवघ्या ८ जणींस!

आतां नवी अडचण अशी कीं, कॅन्डिडाच्या कांहीं जाती फ्लुकोनॅझोलसारख्या नेहमींच्या औषधास दाद देत नाहींत. दुखणें उलटलें, तर बुरशीची जात व तिला लागू पडणारें औषध प्रयोगशाळेंत पारखूनच उपचार करावा. परंतु त्या तपासणीच्याहि आधीं बाईनें बोललें पाहिजे, आणि घरानें ऐकलें पाहिजे.