नव्या खोक्यातली २००२ सालची चूक

रॉमपेजर हा राउटरच्या आत राहणारा छोटासा वेब सर्व्हर. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकल्यावर वाय-फायचा पासवर्ड बदलण्याचे जे पान उघडते, ते लाखो घरांत हाच दाखवत असे. अमेरिकेतल्या अलेग्रो सॉफ्टवेअर कंपनीने तो तयार केला. राउटरमधल्या भगदाडांचे खापर बहुधा ग्राहकाच्या निष्काळजीपणावर किंवा यंत्राच्या वयावर फुटते. रॉमपेजरची वंशावळ वेगळेच सांगते.

रॉमपेजरमधला दोष कुकी हाताळण्यात होता. कुकी ही नेटस्केपच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये आणलेली, ब्राउझरची ओळख ठेवणारी लहानशी नोंद. वेबवरचा तिचा पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे. राउटरमध्ये मात्र मेमरीची ओढाताण असे. म्हणून रॉमपेजरने दहा कुकींसाठी प्रत्येकी ४० बाइटची जागा आधीच आखून ठेवली आणि त्यांना सी० ते सी९ अशी नावे दिली. नावातला आकडा वाचायचा, त्याला ४० ने गुणायचे आणि तितके पुढे जाऊन मजकूर लिहायचा. आकडा नऊच्या आत आहे की नाही, हे तपासायचे राहून गेले. परक्या कुणी अवाढव्य आकडा धाडला, की मजकूर मेमरीत त्याला हव्या त्या ठिकाणी जाऊन पडे. हे सारे पासवर्ड विचारण्याआधीच घडत असल्याने पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नव्हता.

ही चूक २००२ सालची. अलेग्रोने ती २००५ मध्ये ४.३४ या आवृत्तीत दुरुस्त केली. तरीही डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘मिसफॉर्च्यून कुकी’ या नावाने ती जाहीर केली, तेव्हा १८९ देशांतली किमान १ कोटी २० लाख उपकरणे तिच्या कचाट्यात होती. बहुतेकांत ४.०७ ही जुनीच आवृत्ती होती, आणि ती ताज्या फर्मवेअरसह विकल्या जाणाऱ्या नव्या राउटरमध्येही सापडली.

दुरुस्तीनंतरही जुनी आवृत्ती नव्या यंत्रांत का, याचे उत्तर पुरवठ्याच्या साखळीत आहे. चिप बनवणारा चिपसोबत तयार सॉफ्टवेअरचा संच देतो, राउटर बनवणारा त्यावर आपले पान चढवतो, इंटरनेट कंपनी आपला शिक्का मारते. पहिल्या कडीवरची दुरुस्ती शेवटच्या कडीपर्यंत पोहोचवणे कुणाचेच काम नसते. म्हणूनच दोनशेहून अधिक मॉडेलांत एकच दोष उतरला. ही भगदाडे वार्धक्याची नव्हेत, आनुवंशिक आहेत.

याविरुद्ध पासवर्डचा सिद्धांत उभा आहे, आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत. २०१६ चे मिराय हे मालवेअर कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच पसरले. २०१७ मध्ये भारतात बीएसएनएलचे मोडेम बंद पडले, तेव्हा ग्राहकांना मूळ पासवर्ड बदलायला सांगण्यात आले. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे इंटरनेट कोलमडले, त्याला पासवर्ड कारण नव्हता. मिरायच्या नव्या अवताराचा मारा ७५४७ या पोर्टवर होता. इंटरनेट कंपन्यांनी राउटर दुरून सांभाळावेत म्हणून २००४ मध्ये टीआर-०६९ हे मानक आले. हे पोर्ट त्याचेच. ते बाहेरच्या जगाला उघडे ठेवण्याचा निर्णय ग्राहकाचा नव्हता. मिसफॉर्च्यून कुकीलाही हेच दार पुरत असे. पासवर्डचा सिद्धांत काही हल्ल्यांचा उलगडा करतो, दोष इतका सर्वदूर कसा पोहोचला याचा करत नाही.

वयाचा मुद्दा अर्थात पुरता निकालात निघत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ज्या राउटरांबद्दल इशारा दिला, त्यांत लिंक्सिसची ई१२०० सारखी, निर्मात्याने दुरुस्त्या देणे थांबवलेली मॉडेल होती. अशा यंत्रांना बदलण्यावाचून इलाज नाही.

कायद्यांनीही आधी पासवर्ड आणि वय हेच धरले. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनने सरसकट एकसारख्या मूळ पासवर्डवर बंदी घातली आणि दुरुस्त्या किती काळ मिळतील हे जाहीर करणे सक्तीचे केले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स अॅक्ट उगमापर्यंत जातो: डिसेंबर २०२७ पासून निर्मात्याला उपकरणातल्या सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवावी लागेल आणि दुसऱ्याकडून घेतलेल्या घटकांतल्या दोषांचीही जबाबदारी घ्यावी लागेल.