ड्रम्स कोणी वाजवले? : एका सॉफ्टवेअरकडे इतिहास म्हणून बघताना

मागच्या महिन्यात आमच्या होस्टेलवरच्या एका मित्राने स्वतःचं गाणं खोलीतच रेकॉर्ड केलं. गिटार त्याची, आवाज त्याचा, आणि ड्रम्स गॅरेजबँडमधल्या 'ड्रमर' ट्रॅकचे. गाणं अपलोड करताना वादकांची नावं भरायचा रकाना आला आणि गडी अडला. "ड्रम्सपुढे कोणाचं नाव लिहू? काईलचं?" काईल म्हणजे सॉफ्टवेअर आपणहून पुढे करतं तो ड्रमर. ते एक कल्पित पात्र आहे. मग वाजवलं कोणी?

तेव्हा आम्ही हसलो. पण "संशोधनाला विषय कुठून मिळतो?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारता, म्हणून हाच प्रश्न आज पुढे नेऊन दाखवतो. रोजच्या वापरातली वस्तू आणि तिच्याबद्दलचा एक साधा, अडवणारा प्रश्न, एवढं सुरुवातीला पुरतं.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न फोडायचा. 'ड्रम्स कोणी वाजवले' यात खरं तर तीन प्रश्न आहेत. आवाज कोणाचा? ठेका कोणी बांधला? आणि कुठला ठोका किंचित उशिरा पडावा, कुठला हलका पडावा, हे कोणी ठरवलं? हाडामांसाच्या ड्रमरमध्ये ही तिन्ही कामं एकाच शरीरात होतात. यंत्रांच्या इतिहासात ती एकमेकांपासून सुटी झाली आणि नंतर पुन्हा एकत्र बांधली गेली. हे सूत्र हातात धरलं की सनावळीला अर्थ येतो.

आधी ठेका बघू. १९३१ मध्ये लिऑन थेरेमिन यांनी अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी 'रिदमिकॉन' बनवलं. एकाच वेळी अनेक लयी वाजवणं हा त्याचा हेतू. ड्रमरची जागा घेण्याचा विचार त्यात नव्हता. तो प्रश्न आला १९५९ मध्ये, वुर्लिट्झर कंपनीच्या 'साइडमॅन'बरोबर. आत फिरणारी तबकडी, व्हॅक्यूम ट्यूबमधून निघणारा आवाज, आणि वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट असे नाचाचे तयार ठेके. नाव बघा, साइडमॅन म्हणजे साथीदार वादक! अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने याला आक्षेप घेतला, कारण प्रश्न सरळ पोटाचा होता. १९६७ मध्ये जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीचं 'ऱ्हिदम एस' आलं. त्यातही ठेके ठरलेले, बटण दाबून निवडायचे. स्वतःचा ठेका बांधून साठवायची सोय काकेहाशींच्याच रोलँड कंपनीने १९७८ मध्ये सीआर-७८ या यंत्रात दिली. म्हणजे ठेका आता वापरणाऱ्याचा झाला, पण आवाज अजून सर्किटचाच होता.

आता आवाज. १९८० मध्ये रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं. खऱ्या ड्रम्सचे रेकॉर्ड केलेले आवाज चिपवर साठवणारं हे पहिलं ड्रम मशीन. लिन स्वतः गिटारवादक. त्यातले बहुतेक आवाज आर्ट वुड नावाच्या लॉस एंजेलिसच्या ड्रमरने वाजवलेले होते, असं लिन यांनीच सांगितलं आहे. किंमत सुमारे ५,००० डॉलर आणि मेमरी इतकी महाग, की क्रॅश आणि राइड या मोठ्या झांजा त्यात नव्हत्याच, कारण झांजेचा आवाज लांबतो आणि लांब आवाजाला जास्त मेमरी लागते. तेव्हा त्या काळातलं एखादं गाणं झांजेविना ऐकू आलं, तर 'संगीतकाराची आवड' असं लिहिण्याआधी यंत्रात काय शक्य होतं ते तपासा.

त्याच वर्षी आलेल्या रोलँड टीआर-८०८ चे आवाज मात्र खऱ्या ड्रम्सचे नव्हते, सर्किटमधून घडवलेले होते. सुमारे १२,००० यंत्रं विकून १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्यातलं एक मुंबईत चरणजित सिंग यांच्याकडे होतं. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये '८०८'च्या ठेक्यावर सिंथेसायझरने दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा 'अ‍ॅसिड हाउस संगीताचा जन्म मुंबईत' अशी चर्चा रंगली. शिकागोची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड १९८७ ची, म्हणजे क्रम जुळतो. पण क्रम जुळला म्हणून प्रभाव सिद्ध होत नाही. शिकागोच्या तरुणांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती, याचा पुरावा लागेल. दोन्हीकडे तीच रोलँडची यंत्रं होती, हे जास्त साधं स्पष्टीकरण आहे. आपल्या गावाचा मान वाढवणारा निष्कर्ष समोर आला की दुप्पट कडक व्हायचं, हे माझ्या गाइडनी मला शिकवलं.

तिसरा प्रश्न ठोक्याचा. लिन यांच्या यंत्रात मागेपुढे पडलेला ठोका मात्रेच्या जागी नेऊन बसवायची सोय होती, आणि मुद्दाम थोडा झोल द्यायचीही. १९८३ मध्ये 'मिडी' हा मानक आला आणि ठोक्याचा जोर ० ते १२७ या आकड्यांत लिहिता येऊ लागला. थोडक्यात, हाताची सवय आता कागदावर मांडता येईल अशी माहिती बनली.

इथे एक नाव घ्यायलाच हवं, क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर'वर त्यांनी वाजवलेला छोटासा तुकडा नंतर असंख्य रॅप गाण्यांत कापून वापरला गेला. त्यातून त्यांना रॉयल्टी मिळाली नाही, कारण कागदोपत्री गाण्याचे लेखक ते नव्हते. कायद्याला धून आणि शब्द रचणारा दिसतो. ठेका वाजवणारा दिसत नाही. २०१७ मध्ये ते वारले.

'व्हर्चुअल ड्रमर' येतो तो या सगळ्यानंतर. २००३ मध्ये बीएफडी, २००६ मध्ये ईझीड्रमर. स्टुडिओत प्रत्येक ड्रम हलक्या हातापासून जोरदार फटक्यापर्यंत पुन्हा पुन्हा वाजवून घेतलेला, शिवाय वादकांनी वाजवलेले ठेके मिडी फाइल म्हणून सोबत. २०१३ मध्ये अ‍ॅपलने लॉजिक प्रो एक्समध्ये 'ड्रमर' दिला आणि पाठोपाठ तो गॅरेजबँडमध्येही आला. तो सेशन ड्रमरांच्या प्रत्यक्ष वादनातून घडवला आहे, असं कंपनीनेच तेव्हा जाहीर केलं होतं. म्हणजे आवाज, ठेका आणि हाताची सवय ही तिन्ही सुटी झालेली कामं पुन्हा एका 'माणसात' बांधली गेली. फक्त ट्रॅकवर दिसणारं नाव वादकाचं नाही, पात्राचं आहे.

हे नुसतं वाचून सोडू नका, करून बघा. गॅरेजबँडमध्ये नवा ड्रमर ट्रॅक घ्या. एक पिवळा ठिपका दिसेल. तो वर-खाली केला की जोर बदलतो आणि उजवीकडे नेला की ठेका गुंतागुंतीचा होतो. आता तो तुकडा कॉपी करून सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंटच्या ट्रॅकवर टाका, की तो मिडी बनतो. एकेक ठोका मोठा करून बघा. स्नेअरचे सगळे ठोके एकाच जोराचे आहेत का? मात्रेच्या रेषेवर बरोबर पडतात, की थोडे मागेपुढे? मग ठिपका जरा हलवा आणि काय बदललं ते वहीत तारखेसह लिहा. सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहा, कारण अपडेट आलं की तुमचं साधन बदलतं. जुन्या दप्तरातला कागद वाचताना आपण जी शिस्त पाळतो, तीच इथे लागते.

एक सावधगिरी. 'यंत्राने वादकांचं काम खाल्लं' हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण माझ्या मित्राच्या खोलीत ड्रमर कधी येणारच नव्हता. जागा नाही, पैसे नाहीत आणि शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास! त्याचं गाणं या सॉफ्टवेअरमुळेच पूर्ण झालं. काम कोणाचं गेलं, कोणाला मिळालं आणि कोणाचं नाव पुसलं गेलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांचे पुरावेही वेगळ्या जागी सापडतील : संघटनांच्या नोंदींत, स्टुडिओच्या हिशेबांत, करारपत्रांत.

मित्राने शेवटी त्या रकान्यात लिहिलं, "ड्रम्स : गॅरेजबँड ड्रमर, निवड आणि बदल माझे". त्याच्यापुरतं हे प्रामाणिक आहे. पण ज्याच्या मनगटातून तो स्नेअर आधी वाजला, त्याचं नाव त्या ओळीत नाहीच. तुमच्यापैकी कोणाला प्रबंधाचा विषय हवा असेल, तर तिथून सुरू करा.