लेझर कटर : सामायिक कार्यशाळेतील सुरक्षित वापर

सुरतेच्या कापड बाजारात विकली जाणारी कृत्रिम धाग्याची साडी, ओढणी किंवा लेस यांची नक्षीदार कड आज बहुधा कात्रीने नव्हे, तर लेझरच्या किरणाने कापली जाते. पॉलिएस्टर हा उष्णतेने वितळणारा धागा असल्यामुळे किरण कापड कापता कापता कडही सीलबंद करतो आणि धागे सुटत नाहीत. सुती कापडाची कड मात्र वितळत नाही, ती करपते. कृत्रिम कापडाचे हे शहर आणि लेझर यंत्र यांची जोडी जमली ती या गुणामुळेच. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील अनेकांची उपजीविका कापडाच्या याच व्यवसायावर चालते.

कापडापुरते मर्यादित असलेले हे यंत्र आता नामफलक, अॅक्रिलिकच्या भेटवस्तू, लाकडी खेळणी आणि गणेशोत्सवातील मखरे यांसाठीही वापरले जाते. प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र घेणे परवडत नसल्यामुळे सामायिक कार्यशाळा, महाविद्यालयांतील प्रयोगशाळा आणि फॅब लॅब यांतून ते अनेकांच्या हाती येते. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली फॅब लॅब सुरू झाली, तेव्हापासून ही संकल्पना महाराष्ट्राला परिचित आहे. एकाच यंत्राला अनेक हात लागतात, तेव्हा प्रत्येकाचे ज्ञान सारखे नसते. म्हणून सुरक्षिततेचे नियम व्यक्तीच्या सावधपणावर न सोपवता कार्यशाळेच्या व्यवस्थेतच बसवावे लागतात.

किरणाचे स्वरूप

कापड, लाकूड व अॅक्रिलिक कापणाऱ्या बहुतेक यंत्रांत कार्बन डायऑक्साइड लेझर असतो. १९३८ साली बारामती येथे जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले शास्त्रज्ञ कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लावला. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे किरण सुरू आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. तो डोळ्याच्या बाह्यपटलात शोषला जातो व ते भाजून निघते.

सुरतेच्या हिरे उद्योगात वापरले जाणारे अनेक लेझर याहून निराळे असतात. त्यांपैकी १.०६ मायक्रोमीटरच्या आसपासचा किरणही अदृश्यच असतो, पण तो डोळ्याच्या भिंगातून आरपार जाऊन थेट दृष्टिपटलावर केंद्रित होतो आणि कायमचे अंधत्व आणू शकतो. धातूवर कोरीवकाम करणारी फायबर लेझर यंत्रेही याच गटातील असतात. पहिल्या प्रकारचा विखुरलेला किरण यंत्राच्या पारदर्शक अॅक्रिलिक झाकणाने अडतो, दुसऱ्या प्रकारचा त्यातून सहज पलीकडे जातो. म्हणून एका यंत्राचा संरक्षक चष्मा दुसऱ्या यंत्रासाठी उपयोगी पडत नाही. चष्म्यावर छापलेली तरंगलांबी यंत्राच्या तरंगलांबीशी जुळते का, हे पाहूनच तो वापरावा.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार लेझर उपकरणांचे वर्ग १ ते ४ असे असतात. कापण्याइतका शक्तिमान उघडा किरण हा वर्ग ४ मध्ये, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वर्गात मोडतो. तेच यंत्र पूर्ण बंदिस्त असेल आणि झाकण उघडताच किरण तोडणारे इंटरलॉक चालू असेल, तर ते वापरणाऱ्यापुरते वर्ग १ मध्ये येऊ शकते. काम लवकर उरकावे म्हणून इंटरलॉकच्या तारा जोडून टाकणे म्हणजे हे संरक्षण स्वतःच्या हाताने काढून घेणे होय.

कोणता माल कापू नये

दुर्घटनेचे मूळ पुष्कळदा यंत्रापेक्षा त्यावर ठेवलेल्या मालात असते. पीव्हीसी कधीही कापू नये. ते तापले की हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, जो फुप्फुसांना इजा करतो आणि यंत्राच्या धातूच्या भागांनाही गंज चढवतो. पिशव्या व आसनांसाठी वापरले जाणारे रेक्झीन बहुधा पीव्हीसीचा थर दिलेले कापड असते आणि फ्लेक्सच्या फलकांतही पीव्हीसी असते, हे ध्यानात ठेवावे. एबीएस प्लॅस्टिकच्या धुरात विषारी सायनाइड असू शकते. थर्माकोल क्षणात पेटतो. पॉलिकार्बोनेट नीट कापले न जाता काळवंडते व जळते. क्रोमने कमावलेले चामडेही टाळावे.

अनोळखी प्लॅस्टिक तपासण्याची एक जुनी पद्धत उपयुक्त आहे. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून त्या प्लॅस्टिकला टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीनसारखे मूलद्रव्य असण्याचा संभव असतो आणि तो माल यंत्रावर घेऊ नये. ही चाचणी मोकळ्या हवेत आणि कार्यशाळेतील मालापासून दूर करावी.

आग : खरा धोका

लेझर कटरचा नित्याचा धोका डोळ्यांपेक्षाही आगीचा आहे. अॅक्रिलिक ज्योतीने जळते, पॉलिएस्टर वितळून पेटते आणि त्याचे तप्त थेंब त्वचेला चिकटून खोलवर भाजतात. जाळीखालच्या ट्रेमध्ये साचलेले तुकडे आणि धूर वाहून नेणाऱ्या नळीत जमलेला थर हे आयते इंधन ठरते. फार कमी वेग व फार जास्त शक्ती ठेवल्यास, एकाच रेषेवरून किरण वारंवार फिरवल्यास किंवा हवेचा झोत बंद राहिल्यास ज्वाला उठण्याची शक्यता वाढते. भिंगे पुसण्यासाठी वापरलेले अल्कोहोल पूर्ण सुकल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

यावरून पहिला नियम निघतो : यंत्र चालू असताना ते सोडून कुणीही जाऊ नये. फोन आला, तर काम थांबवावे आणि मग बोलावे. ज्वाला दिसल्यास आपत्कालीन बटण दाबून किरण तोडावा, हवेचा झोत व धुराचा पंखा बंद करावा, कारण दोन्ही आगीला हवा पुरवतात. ज्वाला विझली नाही, तर कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे. कोरड्या पावडरने आग विझते, पण भिंगे व यंत्रणा निकामी होतात. विद्युतप्रवाह चालू असलेल्या यंत्रावर पाणी मारू नये. आग यंत्राबाहेर पसरू लागली, तर ती विझवत न बसता सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे.

जागेची रचनाही तितकीच महत्त्वाची आहे. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला संकुलातील आगीत २२ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. ती आग लेझर यंत्राची नव्हती. परंतु बाहेर पडण्याची वाट धुराने व आगीने अडली की वरच्या मजल्यावरील माणसांचे काय होते, हे त्या घटनेने दाखवले. वरच्या मजल्यावर यंत्र बसवताना जिन्यात कापडाचे तागे, प्लायवूड किंवा भंगार रचू नये आणि यंत्र बाहेर पडण्याच्या वाटेत ठेवू नये.

धूर, वीज आणि पाणी

धूर खोलीत न सोडता नळीने इमारतीबाहेर, शेजारच्या खिडक्यांपासून दूर सोडावा. एमडीएफ कापताना त्यातील चिकट द्रव्यामुळे फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. काम संपल्यावरही पंखा काही मिनिटे चालू ठेवून मगच झाकण उघडावे. कापडी मुखपट्टी अशा वायूंना अडवत नाही.

काचेच्या लेझर नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि वीज बंद केल्यावरही त्याचा अंश काही काळ शिल्लक राहू शकतो. म्हणून मागचे पॅनेल प्रशिक्षित तंत्रज्ञानेच उघडावे. अर्थिंगची जोडणी नियमित तपासावी. नळीभोवती पाणी खेळत नसेल, तर ती तापून तडकते. यासाठी पाण्याचा प्रवाह थांबताच किरण तोडणारा सेन्सर चालू स्थितीत असावा.

कार्यशाळेची शिस्त

प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांनाच यंत्राची किल्ली द्यावी. चालणाऱ्या व वर्ज्य मालाची यादी त्या भागातील कामगारांना समजणाऱ्या भाषांत भिंतीवर लावावी. सुरतेत ती गुजरातीबरोबरच हिंदी, मराठी व ओडियातही असणे उचित ठरेल. वापराच्या नोंदवहीत नाव, माल, वेळ आणि आढळलेला दोष लिहावा. किरकोळ ज्वालाही नोंदवावी, कारण पुढच्या माणसाला सावध करणारी तीच माहिती असते. काम संपल्यावर ट्रे रिकामा करावा, भिंग तपासावे आणि कचरा पूर्ण थंड झाल्यावरच टाकावा. यंत्र पुढच्याच्या हाती देताना ते ज्या स्थितीत मिळावे अशी आपली अपेक्षा असते, त्याच स्थितीत ते सोपवावे.